दुकानात चालणारी स्नोमोबाइल

मी मूळची नागपूरची. थंडी म्हणजे स्वेटर घालून गच्चीवर संत्री सोलत बसायचं, एवढाच माझा थंडीशी संबंध. लग्नानंतर जर्सी सिटीत आलो तेव्हा बर्फ पाहिला, पण तो सकाळी पडून दुपारपर्यंत काळा होणारा, बुटाला चिकटून लिफ्टमधे येणारा बर्फ. त्याच्यावर जीव जडावा असं त्यात काही नव्हतं. मग नवऱ्याला मिशिगनच्या पार उत्तर टोकाला, एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलात आयटीची नोकरी मिळाली. माझं काम घरूनच चालायचं, त्यामुळे आम्ही उंच इमारतीतलं भाड्याचं घर सोडलं आणि सामान ट्रकमधे भरून तिकडे गेलो.

तिथला बर्फ मात्र मुक्कामालाच येतो. दिवाळीचा फराळ संपायच्या आत पडायला लागतो आणि रामनवमी झाली तरी अंगणातून हलत नाही. पहिला हिवाळा मी खिडकीच्या आत बसून काढला. लॅपटॉप, चहा, खिडकी, परत लॅपटॉप. बाहेर गेलं तर फक्त गाडीवरचा बर्फ झाडायला.

शेजारी एक बाई राहायच्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. एका दुपारी त्यांनी दार वाजवलं. हातात जादा हेल्मेट. "तू अशीच बसून राहिलीस तर उन्हाळ्यापर्यंत वेडी होशील," त्या म्हणाल्या. "चल, माझ्यामागे बस."

त्यांची स्नोमोबाइल जुनी होती. पुढे दोन स्की, खाली रबरी पट्टा आणि मोटारसायकलसारखी सीट. घरामागच्या रस्त्यानं आम्ही रानात शिरलो आणि त्यांनी वेग वाढवला. मी आधी किंचाळले, मग त्यांच्या पाठीला घट्ट धरून हसायला लागले, आणि ते हसू काही थांबेना. पाइनची झाडं दोन्हीकडून मागे जात होती, फांद्यांवरचा बर्फ भुरभुर खाली पडत होता आणि तोंडावर येणारी हवा अशी गार की डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याच दुपारी घरी येऊन बूट काढायच्या आधी मी नवऱ्याला म्हटलं, "मला हे पाहिजे."

"काय, हेल्मेट?" तो म्हणाला.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही नवी कोरी स्नोमोबाइल घेतली. लाल, दोघांना बसता येईल अशी, कारण त्याच डिसेंबरात सासूबाई पुण्याहून यायच्या होत्या. बाकी सगळ्यांच्या सासवा उन्हाळ्यात येतात. आमच्या म्हणाल्या, "ऊन मी पुण्यातही बघते. मला बर्फ दाखवा."

दुकानातला विक्रेता अतिशय गोड माणूस. एकच अडचण होती. मी प्रश्न विचारायचे आणि तो उत्तर नवऱ्याला द्यायचा. नवरा दर वेळी म्हणायचा, "गाडी तिची आहे," तो दर वेळी "अर्थातच!" म्हणायचा आणि पुढचं वाक्य परत नवऱ्याकडे बघून बोलायचा. शेवटी त्यानं आम्हा दोघांचे हात जोरजोरात हलवले, कंपनीची एक टोपी दिली, आणि ती टोपीसुद्धा नवऱ्याच्याच डोक्यावर घातली.

पहिल्या फेरीला शेजारीणबाई त्यांच्या गाडीवर पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. पहिला अर्धाएक तास स्वर्ग. मग रानाच्या मधोमध माझ्या इंजिनानं एक उचकी दिली, दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मी किल्ली फिरवली. नुसतंच घुर्र घुर्र. काट्यावर टाकी जवळजवळ भरलेली दिसत होती. मी बटणं दाबली, सगळे दिवे लागले, इंजिन तेवढं लागेना. थोड्या वेळानं बाईंच्या लक्षात आलं की मागे कुणी नाही. त्या परत आल्या, सीटखालून दोर काढला आणि माझी नवी गाडी त्यांच्या जुन्या गाडीला बांधून ओढत आणली. वाटेत समोरून येणारे स्नोमोबाइलवाले हात वर करून नमस्कार करत होते. इकडची पद्धतच आहे ती. मी हेल्मेटची काच खाली ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू.

बाईंच्या ट्रेलरवर चढवून आम्ही ती दुकानात नेली. आता विक्रेत्याचा आणि आमचा संबंध संपला होता. तो लांबूनच हसला आणि त्यानं सर्व्हिस विभागाकडे बोट दाखवलं. सर्व्हिस मॅनेजर म्हणजे दाराएवढा माणूस, राखाडी दाढी, आवाज मात्र अगदी हळू. त्यानं गाडी ठेवून घेतली. दोन दिवसांनी फोन आला, "घेऊन जा. काही बिघाड नाही. आमच्याकडे तर उत्तम चालतेय."

हे वाक्य ऐकून मी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. कारण मी सॉफ्टवेअर टेस्ट करते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो ते शोधायचं, त्यांना सांगायचं आणि त्यांच्याकडून "माझ्याकडे तर चालतंय" हे ऐकायचं, यात माझं तरुणपण गेलं. पुण्यातून, बंगळुरूमधून, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधून मला ते वाक्य ऐकवलेलं आहे. रानातल्या एका दाढीवाल्याकडून ऐकायचं तेवढं राहिलं होतं.

गाडी आणली. पुन्हा अर्धा तास छान, पुन्हा उचकी, पुन्हा दोर. या वेळी मॅनेजर म्हणाला की हातमोजे जाड असले की इंजिन बंद करायच्या बटणाला चुकून धक्का लागतो. "नवीन शिकणाऱ्यांचं होतं असं," तो म्हणाला. अर्थात नवऱ्याला.

"चालवते मी," मी म्हटलं. "आणि माझे मोजे पातळ आहेत."

"मग थंडीमुळे असेल," तो म्हणाला.

"ही बर्फावर चालायची गाडी आहे ना?"

यावर नवऱ्यानं माझा दंड हळूच दाबला. माझा नवरा भांडणाच्या वासानंच घामाघूम होतो. परतताना गाडीत म्हणाला, "जाऊ दे ना यार. ते स्पार्क प्लग बदलून देतायत. बघू." रस्ताभर तो फोनवर वाचत होता. बिघडलेल्या मोटारी बदलून मिळायचा इकडे कायदा आहे, पण स्नोमोबाइलला तो बहुतेक लागू नाही, असं त्याला कळलं आणि त्याचा चेहरा आणखीच पडला. गाडी मी चालवत होते म्हणून बरं.

एवढ्यात सासूबाई आल्या. त्यांच्या सामानात निम्मी बॅग मेतकूट आणि भाजणी, निम्मी लोकर. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुझी ती घसरगाडी कुठंय?" स्पार्क प्लग बदलून गाडी नुकतीच परत आली होती. मी आढेवेढे घेतले. त्या ऐकतात होय! शेजारीणबाईंचा बर्फाचा सूट सलवार-कमीजवर चढवून, हेल्मेटमधून फक्त चष्मा दिसेल अशा त्या माझ्यामागे बसल्या. एवढ्या जाडजूड झाल्या होत्या की मला धरायला त्यांचे हात पुढे पोचेनात. नवऱ्यानं अंगणातून फोटो काढले आणि "हळू, हळू" ओरडत राहिला.

गोठलेल्या तळ्याच्या मधोमध गाडी बंद पडली.

मला अगदी रडायला आलं. स्वतःसाठी नाही, सत्तरीला टेकलेल्या बाईला तळ्यावर आणून उभं केलं म्हणून. "आई, थंडी वाजतेय का? मी फोन करते, कोणीतरी येईल," असं मी घाईघाईनं सांगत होते, तर त्या हेल्मेट काढून चहूकडे बघत होत्या. थोड्या अंतरावर बर्फात भोक पाडून मासे पकडणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याची लाकडी खोपटी होती. ते दोघं बाहेर आले. आत या म्हणाले. आत छोटी शेगडी पेटलेली, मधे जमिनीला, म्हणजे तळ्याला, एक गोल भोक आणि त्यातून खाली सोडलेला गळ. जन्मभर मासळीच्या वासाला नाक मुरडणाऱ्या माझ्या सासूबाई उलट्या बादलीवर बसल्या, हातात गरम चॉकलेटचा पेला घेतला आणि त्या भोकाकडे अशा टक लावून बघत राहिल्या की टीव्हीवरची मालिकाच चालू आहे. मासा लागला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं "आला, आला!" त्याच ओरडल्या. त्या जोडप्याला ते बरोबर कळलं.

शेजारीणबाई दोर घेऊन आल्या तेव्हा सासूबाई निघायला तयार नव्हत्या.

घरी आल्यावर मात्र त्यांनी चौकशी सुरू केली. कितीदा बंद पडली, कुठे पडली, दुकानवाले काय म्हणतात. मी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "आई, ते म्हणतात त्यांच्याकडे चालते."

"मग त्यांच्याकडे कशाला चालवतात?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, इथं येऊन चालवा."

मी हसले. मग हसता हसता थांबले. कारण हे मला सुचायला हवं होतं. ऑफिसात मी हेच करते. समोरचा ऐकत नाही म्हटल्यावर त्याला स्क्रीनसमोर बसवायचं आणि म्हणायचं, आता तूच बघ. इथे मी आपली गाडी ट्रेलरवर चढवून त्यांच्या उबदार शेडमधे पाठवत होते आणि ते अंगणात दोन चकरा मारून परत देत होते.

सकाळी गाडी ट्रेलरवर चढवली. सासूबाईंनी बूट घातले. "तू कशाला, आई?" नवरा म्हणाला. "तू बोलणारेस का तिथं?" त्यांनी विचारलं. तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

दुकानात मॅनेजरनं आम्हाला पाहिलं आणि त्याच्या खांद्यांनी एक निःश्वास टाकला. मी त्याला सांगितलं की आज गाडी ठेवून जाणार नाही. "तुम्ही माझ्यामागे बसा. तुमच्या दुकानाच्या मागूनच रस्ता रानात जातो. मी चालवते. बंद पडली नाही तर मी पुन्हा तक्रार घेऊन येणार नाही."

"मॅडम, मला इथं काम आहे," तो म्हणाला. या वेळी निदान माझ्याकडे बघून म्हणाला.

सासूबाई पुढे झाल्या. त्यांचं इंग्रजी थोडं आहे, पण जे आहे ते खणखणीत. "सर, यू सिट. यू सी. आय वेट हियर." आणि तिथल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन त्या अशा बसल्या की ती खुर्ची पुढच्या आठवड्यापर्यंत तरी रिकामी होणार नाही हे कुणालाही कळावं. मॅनेजरनं त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि भिंतीवरचं जाकीट काढलं. "माझ्या जेवणाच्या सुट्टीत येतो," तो पुटपुटला.

तो मागे बसला तेव्हा गाडीचं नाक वर झाल्यासारखं वाटलं. आम्ही निघालो. मी मुद्दाम नेहमीच्याच वेगानं चालवत होते. ओढ्यावरचा लाकडी पूल आला, गेला. विजेच्या तारांखालचा मोकळा पट्टा आला, गेला. गाडी अगदी सुरेख चालली होती. आज हिनं दगा दिला, म्हणजे दगा दिला नाही, तर काय तोंड घेऊन परत जाऊ? मागून तो ओरडून म्हणाला, "छान चालतेय की!" आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी वस्तू बिघडावी म्हणून मनातल्या मनात गणपतीला विनवत होते.

चढावर उचकी आली. मग खोकला. मग शांतता.

मी इतक्या आनंदानं मागे वळले की त्याला वाटलं असावं, बाईला काहीतरी झालं. "ऐकलंत?" मी म्हणाले. "हे! हेच!"

तो उतरला. दाढी खाजवली. त्यानं किल्ली फिरवली, घुर्र घुर्र. माझे मोजे पाहिले, बटण पाहिलं. बटण वरच होतं, म्हणजे त्याला धक्का लागलेला नव्हता. त्यानं झाकण उघडून वायरी हलवल्या, प्लगच्या टोप्या दाबून बघितल्या. काही नाही. थंडीनं त्याच्या दाढीला पांढरी कडा आली होती. "पेट्रोल तर आहे ना?" असं स्वतःशीच म्हणत त्यानं टाकीचं झाकण फिरवलं.

सुस्स्स! लांबलचक, कुणी तोंडानं हवा आत ओढावी तसा आवाज. तो वाकलेल्याचा वाकलेलाच राहिला. मग त्यानं झाकण सैलसर लावलं, किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

तो हसायला लागला. आधी हळू, मग अख्ख्या अंगानं. हसता हसताच त्यानं मला समजावलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी एक बारीक नळी असते. ती कुठेतरी दबलेली असणार. हवा आत येत नाही, टाकी आतल्या आत आवळत जाते आणि शेवटी इंजिनाला पेट्रोल मिळेनासं होतं. "आणि आमच्या दुकानात कुठलीही गाडी आली," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "की आम्ही सगळ्यात आधी काय करतो सांगू? झाकण उघडून पेट्रोल बघतो."

म्हणजे प्रत्येक वेळी तपासायच्या आधीच ते आजार बरा करत होते. मला इतकं हसू आलं की मी बर्फात बसले. तोही शेजारी स्कीवर टेकला. बराच वेळ आम्ही दोघं तिथे रानात वेड्यासारखे हसत होतो. मग तो एकदम गंभीर झाला. "तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही. सॉरी." इतका सरळ म्हणाला की मी जे ठणकावून बोलायचं ठरवून आले होते, त्यातलं एक वाक्यही मला आठवेना.

परतीला मी त्याला चालवायला दिली. दोनदा थांबून आम्ही झाकण उघडलं, आवाज ऐकला आणि पुढे निघालो.

शोरूममधे सासूबाईंच्या हातात कॉफी होती, समोर बिस्किटांची बशी होती, आणि तो गोड विक्रेता त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या पुण्यातल्या बागेतल्या जास्वंदीचे फोटो बघत होता. नवरा कोपऱ्यात हेल्मेटांच्या मांडणीमागे उभा होता. मॅनेजर सरळ सासूबाईंकडे गेला आणि म्हणाला, "मॅडम, आय सॉ."

"गुड," त्या म्हणाल्या. "नाऊ रिपेअर."

गाडी खोक्यातून काढून जोडताना, त्यांच्याच दुकानात, ती नळी सीटच्या पट्टीखाली चेपली गेली होती. मॅनेजरनं स्वतः सीट उघडून आम्हाला ती दाखवली. लपवली असती तरी आम्हाला कळलं नसतं. नवी नळी बसवली, आणि त्यानं वॉरंटी पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाढवून दिली. मी मागितली नव्हती. नवरा आता धीट होऊन पुढे आला आणि म्हणाला, "थँक्यू, थँक्यू." मी त्याच्याकडे बघितलं. "काय झालं? छान माणूस आहे," तो म्हणाला. खरंच होता.

त्या आठवड्यात मी आणि सासूबाई तळं ओलांडून पलीकडच्या गावापर्यंत गेलो. तिथे रानातल्या वाटेवर एक खाणावळ आहे, दारात गाड्यांऐवजी स्नोमोबाइली उभ्या असतात. आम्ही बटाट्याचे तळलेले काप आणि टोमॅटोचं सूप मागवलं. सासूबाईंनी पर्समधून तिखटाची पुडी काढली आणि दोन्हीवर भुरभुरली. मग पुण्यातल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "अगं, मी चालवत आणली," त्या म्हणाल्या. मी सूप पीत होते, मला ठसका लागला.

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे अजिबात न बघता सांगितलं, "आता शिकव मला. नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल."

म्हणून घरामागच्या मोकळ्या मैदानात शिकवणी झाली. उजव्या हाताचा अंगठा दाबला की पुढे जाते, सोडला की थांबते, एवढंच सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी अंगठा जोरात दाबला, गाडी उसळली, त्यांनी घाबरून हात सोडला आणि ती बर्फात रुतून उभी राहिली. नवरा धावत निघाला होता, मी त्याला बाहीला धरून थांबवलं. त्यांनी चष्मा नीट केला, पुन्हा अंगठा ठेवला आणि या वेळी सावकाश निघाल्या. मैदानाच्या कडेनं, शेजारीणबाईंच्या कुंपणाजवळून, बर्चच्या झाडांना वळसा घालून. बाई त्यांच्या ओसरीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सासूबाईंना टाळ्या ऐकू येणं शक्य नव्हतं, पण दिसल्या असाव्यात. एक हात सोडून त्यांनी तो वर केला, इकडचे लोक करतात तसा, आणि दुसरा वळसा घ्यायला निघून गेल्या.